चौथ्या रकान्यातले उत्तर

उमेदवाराने दिवसाकाठी किती जणांशी हात मिळवावेत याला शास्त्राधार नाही. तरी बाईंचा धाकटा भाऊ चारशेच्या खाली उतरायला तयार नव्हता. पहिल्या आठवड्यात बाईंनी ते खरोखर मोजले होते. सरासरी तीनशे ऐंशी निघाली. त्यांतले मत किती जण देतील हे सांगण्याइतकी माहिती हाताशी नव्हती, आणि माहितीवाचून अंदाज ठोकायचा नाही ही सवय त्यांना आधी सैन्याने आणि मग न्यायालयाने लावली होती. ती मोडून काढायचा विडा आता प्रचाराने उचललेला दिसत होता.

बाईंचे वय सत्तावन्न. त्यातली आठ वर्षे सैन्याच्या दारूगोळा कोठारात अधिकारी म्हणून गेली, चोवीस सरकारी वकील म्हणून. कोठाराने डाव्या कानाची निम्मी श्रवणशक्ती नेली आणि न्यायालयाने गुडघे. उरलेल्या अवयवांवर सभागृहाच्या निवडणुकीने हक्क सांगितला होता. लांबण लावणारा मतदार भेटला की बाई त्याला अलगद डाव्या बाजूला घेत आणि विश्रांती मिळवत. समोरच्याला वाटे, काय शांतपणे ऐकून घेतात.

मतदानाला तेरा दिवस उरले असताना, सोमवारी दुपारी, धाकट्याने त्यांना अग्निशमन केंद्रावर आणले. हा धाकटा जन्मभर शाळांना नकाशे आणि तक्ते विकत आलेला माणूस. कुठलीही गोष्ट चार फुटांवरून वाचता आली नाही तर ती खोटी, असे त्याचे ठाम मत. प्रचाराचे पत्रकही त्याचेच. वर बाईंचा गणवेशातला जुना फोटो, खाली काळ्या कोटातला, आणि मध्ये ठळक अक्षरांत: ‘काच साक्ष फिरवत नाही. आमच्या मॅडमही नाहीत.’

या ओळीचा पहिला अर्धा भाग बाईंचा स्वतःचा होता. नऊ वर्षांपूर्वी लाकडी सामानाचे एक गोदाम जळाले आणि आत झोपलेले दोन कामगार गेले. मालकाशी भांडण झालेल्या गोदाम-रखवालदारावर खटला भरला गेला. पाहणारा कुणी नव्हता, इंधनाचा अंश सापडला नव्हता. होती ती खिडकीची काच: बारीक, दाट, कोळ्याच्या जाळ्यासारख्या तड्यांनी भरलेली. सरकारी तज्ज्ञाने सांगितले, असे तडे तेव्हाच पडतात जेव्हा कुणी इंधन ओतून आग एकाएकी भडकवतो. समारोपाच्या भाषणात बाईंनी तो तुकडा वर धरला आणि म्हणाल्या, ‘माणसे साक्ष फिरवतात. काच फिरवत नाही.’ वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतले. रखवालदाराला जन्मठेप झाली.

केंद्रावरचा कार्यक्रम वीस मिनिटांचा होता. शिरस्त्राण घालायचे, बंबाशेजारी उभे राहायचे, निघायचे. पण फोटोवाल्याची बॅटरी संपली आणि ती चार्ज होईपर्यंत केंद्राच्या प्रशिक्षकाने, म्हणजे भुवया कायमच्या जळालेल्या एका जाडजूड गृहस्थाने, पाहुण्यांना नव्या भरतीच्या वर्गखोलीत नेले. भिंतीवरच्या फळीवर काचेचे तुकडे ओळीने मांडलेले होते. तिसरा तुकडा पाहून बाई थांबल्या.

“ही जाळी कशानं पडली?”

“ही? आमच्या पाण्यानं,” प्रशिक्षक म्हणाला. “काच तापलेली असते, आम्ही फवारा मारतो, ती एका बाजूनं झटक्यात निवते. झालं.”

“इंधनानं भडकलेल्या आगीत?”

“इंधन ओता नाहीतर नका ओतू, मॅडम. पाणी लागेपर्यंत अशी जाळी पडत नाही. नुसत्या आगीनं मोठे तडे जातात, हे बघा, असे लांबलचक.”

“हे कधीपासून माहीत आहे?”

“मी शिकवतोय त्याला बारा वर्षं झाली. त्याच्या आधी आम्हीही उलटंच शिकवायचो.” तो हसला. “जुन्या लोकांना अजून पटत नाही. परीक्षेत उलटंच लिहून येतात.”

धाकट्याने घड्याळ दाखवले. बाईंनी ते पाहिले नाही.

“करून दाखवता येईल?”

“आत्ता?”

“सहा काचा लागतील. तीनवर पाणी मारायचं, तीन आपोआप निवू द्यायच्या. एकाच पेटीतल्या हव्यात.”

प्रशिक्षकाला बहुधा अशी पाहुणी पहिल्यांदाच भेटली असावी. तो खुशीत कामाला लागला. मागच्या आवारात लोखंडी पिंप पेटवले गेले. बाईंनी त्यातही एक सुधारणा सुचवली: तीन काचांपैकी एकीच्या आगीत इंधन ओतायचे, दोघींच्या नाही, दोन्ही गटांत तसेच. एक तास दहा मिनिटे लागली. पाणी मारलेल्या तिन्ही काचांवर जाळी उमटली, इंधन असो वा नसो. उरलेल्या तिघींपैकी एकीला उभा तडा गेला, दोघी जशाच्या तशा राहिल्या.

सहा हा आकडा लहान होता. पण नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एकाच काचेवर एक माणूस आत पाठवला होता, त्यामुळे नमुन्याच्या आकाराची तक्रार करण्याचा अधिकार त्यांना उरला नव्हता.

“त्या गोदामावर बंब गेले होते?” त्यांनी गाडीत बसल्यावर विचारले. प्रश्न धाकट्याला नव्हता. उत्तर त्यांना पाठ होते: चार बंब, साडेतीन तास.

“ताई, तू फोटोत शिरस्त्राण उलटं घातलंस,” धाकटा म्हणाला.

कोठारात एक नियम होता. एका खेपेत बनलेल्या तोफगोळ्यांना एकच क्रमांक असे, आणि त्या क्रमांकातला एक गोळा सदोष निघाला की बाकीचे कितीही चकचकीत असोत, सगळी खेप कुलपात जाई. मग एकेक उघडून तपासायचा. हा नियम बाईंनी आठ वर्षे पाळला आणि पाळताना कधी कंटाळा केला नाही. त्या संध्याकाळच्या सभेत, डाव्या बाजूला बसलेले व्यापारी संघाचे अध्यक्ष बोलत असताना, त्यांनी मनातल्या मनात त्या तज्ज्ञाची खेप बाहेर काढली. काचेची साक्ष त्याने बाईंच्या एकूण पाच खटल्यांत दिली होती. तीन जण शिक्षा भोगून सुटले होते. एक आतच वारला. पाचवा रखवालदार.

मंगळवारी सकाळी दोन गृहभेटी रद्द करून बाई बचावाच्या वकिलाकडे गेल्या. गोदामाचा खटला त्यानेच लढवला होता आणि हरला होता. वय सत्तरीच्या पुढे. चेंबरमध्ये फायलींचे ढीग इतके, की अशिलाला बसवायचे तर आधी एखाद्या खटल्याला उठवावे लागे. तो बाईंना पहिल्या दिवसापासून ‘सरकार’ म्हणत आला होता. तेव्हा त्यात टोमणा होता. पुढे टोमणा झिजला आणि नुसती हाक उरली.

“या, सरकार. मत मागायला आलात की द्यायला?”

बाईंनी सांगितले. पिंप, सहा काचा, पाणी. चष्मा काढून त्याने बराच वेळ पुसला, आणि घातलाच नाही.

“मी तेव्हा उलटतपासणीत त्या तज्ज्ञाला पाण्याबद्दल विचारलं नाही,” तो शेवटी म्हणाला. “सुचलंच नाही. त्याच्या पदव्या काढत बसलो.”

“मलाही सुचलं नाही.”

“तुम्हाला सुचायचं कारणच नव्हतं. तुम्ही जिंकत होता.”

“मी न्यायालयाला पत्र देणार आहे. आज.”

“आज नको.”

बाईंना हे अपेक्षित होते. “निवडणुकीचं मला सांगू नका. ते सांगायला घरी भाऊ आहे.”

“निवडणूक गेली खड्ड्यात,” वकील म्हणाला. “परवा गुरुवारी मुदतपूर्व सुटकेच्या मंडळाची बैठक आहे. त्याचं प्रकरण तिसऱ्यांदा येतंय. पहिल्या दोन वेळी का फेटाळलं, आठवतंय?”

बाईंना आठवत होते. मंडळ तत्कालीन सरकारी वकिलाचा लेखी अभिप्राय मागवते. दोन्ही वेळी त्यांनी एकच वाक्य लिहिले होते: ‘कैद्याला पश्चात्ताप झालेला दिसत नाही.’ दिसणार कसा? तो दोन्ही वेळी मंडळापुढे म्हणाला होता, मी केलेच नाही.

“या वेळी तो ‘मी केलं’ म्हणणार आहे,” वकील म्हणाला.

“त्यानं केलेलं नाही.”

“ते मला नऊ वर्षं माहीत आहे, तुम्हाला कालपासून. पण तो थकलाय, सरकार. म्हणाला, वकीलसाहेब, आता काय ते म्हणून टाकतो आणि घरी जातो. कबुली दिली, तुमचा अभिप्राय बरा आला, तर पाच आठवड्यांत बाहेर.”

“आणि मी पत्र दिलं तर?”

“तर मंडळ म्हणणार, प्रकरण न्यायालयापुढे आहे, आम्ही हात लावत नाही. सुटका तहकूब. न्यायालयात तारखा पडणार. फेरविचाराचा अर्ज, नवा तज्ज्ञ, जुना तज्ज्ञ, त्याची तब्येत. दीड वर्ष. दोन धरा.”

“आणि त्याच्या शेवटी निर्दोष.”

“कदाचित. तुम्हीच सांगा किती कदाचित. तो मालकाशी भांडला होता, किल्ली त्याच्याकडे होती, आणि अंगावर फोड न येता बाहेर आला होता. हे तुमचेच मुद्दे.”

बाईंनी विचार केला. “निम्म्याहून थोडं जास्त.”

“मीही तेच म्हटलं असतं,” वकील म्हणाला आणि चष्मा चढवला. “आणि एकदा ‘मी केलं’ असं मंडळाच्या दप्तरात गेलं, की नंतर तुमच्या पत्राला कुणी विचारणार नाही. म्हणजे नाव धुऊन हवं तर तुरुंग, आणि घर हवं तर काळं तोंड. तुमच्या-माझ्या कारकिर्दीची ही एवढी कमाई.”

“हे त्याला विचारलं पाहिजे.”

“विचारा. त्याला भेटणारं तसंही फारसं कुणी नाही.”

बुधवारी दुपारी बारा ते सव्वाबारा अशी भेट मिळाली. त्याआधी धाकट्याशी व्हायचे ते झाले. अभिप्रायासाठीचा मंडळाचा कागद तीन आठवड्यांपूर्वीच घरी आलेला होता. धाकट्याने तो ‘मतदानानंतर बघू’ अशी चिठ्ठी लावलेल्या फाइलीत सारला होता. त्याच फाइलीत दातांच्या डॉक्टरांची दोन स्मरणपत्रेही होती. कागद आज पाचच्या आत मंडळाच्या कार्यालयात द्यायचा होता.

“तुला काय वेड लागलंय?” धाकटा गाडी चालवताना म्हणाला. “निवडणुकीच्या तोंडावर तुरुंगात जाऊन त्याच माणसाला भेटायचं? कुणी पाहिलं तर?”

“पाहिलं तर पाहिलं.”

“माघार घ्यायची होती तर गेल्या आठवड्यातल्या सोमवारपर्यंत मुदत होती. तेव्हा आगीचं केंद्र बघायचं सुचलं नाही तुला.”

“मला तिथं तूच नेलंस.”

त्यावर त्याने, अडचणीत आला की नेहमी करी तसे, विनाकारण गाडीच्या काचेवरचे वायपर एकदा फिरवून घेतले.

भेटीच्या खोलीत जमिनीला बोल्टने घट्ट केलेले टेबल होते आणि दोन बाके. रखवालदार बाईंना आठवत होता त्याहून बुटका निघाला. न्यायालयात आरोपीचा पिंजरा एक पायरी उंच असतो. नऊ वर्षे त्या त्याला एक पायरी उंचच समजत आल्या होत्या. वय पन्नाशीचे, केस उडालेले. तुरुंगाच्या सुतारशाळेत तो खुर्च्यांची बैठक विणायचे काम करी. बोटांच्या पेरांवर वेताच्या बारीक चिरा होत्या.

“बसा, मॅडम,” तो म्हणाला, जणू खोली त्याची होती.

बाईंनी जे सांगायचे ते क्रमाने सांगितले. काच, पाणी, सहा नमुने, आपली चूक. आरोपपत्र वाचावे तसे, आवाज न चढवता. त्याने मान हलवत ऐकले. आपल्याला आधीच ठाऊक असलेली बातमी शेजारी उशिरा सांगायला आला की माणूस जसा ऐकतो, तसे.

“म्हणजे काचेनं साक्ष फिरवली,” तो म्हणाला.

“काचेनं नाही. आम्ही तिचं भाषांतर चुकीचं केलं.”

“हं.”

“मी चुकले. त्याची क्षमा मागते.”

“मागितलीत ते बरं झालं.” त्याने दारावरच्या घड्याळाकडे पाहिले. “पंधराच मिनिटं देतात. पुढचं बोला.”

पुढचे म्हणजे दोन रस्ते. पत्र दिले तर काय, न दिले तर काय. बाईंनी दोन्ही मांडले, कालावधीसकट, निम्म्याहून थोडे जास्त या अंदाजासकट. निवडणुकीचा उल्लेख केला नाही. त्यानेच केला.

“तुम्ही उभ्या आहात म्हणे. इथं पत्रकं येतात, पुडकी बांधायला वापरतात. पत्र दिलंत तर पडाल?”

“बहुधा. त्याचा तुम्ही विचार करू नका.”

“करत नाही. विचारलं फक्त.” तो थोडा वेळ पेरे चोळत राहिला. “म्हणजे खरं बोललो तर इथं, आणि खोटं बोललो तर घरी.”

“ढोबळमानानं, होय.”

“नऊ वर्षं हेच चाललंय, मॅडम. तुम्हाला आत्ता कळलं, एवढाच फरक.”

बाईंनी मांडीवरची पर्स बाकावर ठेवली.

“माझ्या बराकीत अठ्ठेचाळीस माणसं,” तो म्हणाला. “दिवा बाहेरून लावतात, बाहेरून बंद करतात. मला एकट्याला एका खोलीत झोपायचंय, आणि दिवा माझ्या हातानं बंद करायचाय. दोन वर्षं फार होतात. निर्दोष म्हणून कागद मिळेल तो मी वाचायचा कुठं? त्याच दिव्याखाली?”

“मुलगी आहे ना तुमची?”

“आहे. ती माझं खरं मानते. तिला कागद लागत नाही.” मग त्याने आवाज खाली आणला. “पत्र देऊ नका. उद्या मी म्हणून टाकतो.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या.

“पण ऐकता का एकदा? इथल्या समुपदेशकानं लिहून दिलंय. मी पाठ केलंय, पण नीट वाटतं का ते कळत नाही. तुम्हाला सवय आहे.”

त्याने हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणायला सुरुवात केली. मालकाने अपमान केला. रागाच्या भरात मी इंधन ओतले आणि काडी लावली. आत माणसे आहेत हे मला ठाऊक नव्हते. त्या दोघांचे चेहरे मला रोज दिसतात. मला खोल पश्चात्ताप आहे. शेवटचे वाक्य तो शाळेतल्या कवितेसारखे म्हणाला.

बाईंनी आयुष्यात कुणालाही साक्ष पढवली नव्हती. पढवणारे वकील त्यांनी पाहिले होते, त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या होत्या, एकाची सनद वर्षभर घालवली होती. घड्याळात पाच मिनिटे उरली होती.

“इंधन कशातून आणलं?” त्यांनी विचारले.

“ते नाही ठरवलं.”

“ठरवा. मंडळात एक निवृत्त पोलीस अधिकारी असतात, ते हेच विचारतात. गोदामात जनरेटर होता?”

“होता. मागच्या बाजूला.”

“मग त्याचा डबा. बाहेरून आणलं म्हणू नका, दुकान कुठलं म्हणून विचारतील. काडी कुठून लावली?”

“दारातून?”

“दारातून लावली तर तुमच्या अंगावर फोड का नाहीत? खिडकीतून. आणि ‘खोल पश्चात्ताप’ म्हणू नका. तुम्ही असं बोलत नाही.”

“मग काय म्हणू?”

“त्या दोघांबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

“एकाला मीच कामाला लावला होता. माझ्या शब्दावर आला होता तो. लावला नसता तर आज कुठंतरी असता.”

“हे म्हणा. एवढंच म्हणा.”

“पण हे तर खरं आहे.”

“म्हणूनच.”

शिपायाने दार वाजवले. रखवालदार उठला. हात मिळवायचा की नाही याबद्दल दोघांचाही निर्णय होईना. शेवटी त्याने नमस्कारासारखे काहीतरी केले आणि तो पुटपुटत गेला: जनरेटर, डबा, खिडकी.

तिथून बाई वकिलाच्या चेंबरमध्ये गेल्या आणि एका खटल्याला उठवून त्याच्या जागी बसून न्यायालयाला पत्र लिहिले. पाचही प्रकरणे, सहाही काचा, प्रशिक्षकाचा हुद्दा. शेवटी लिहिले: ‘या कैद्याची कबुली खोटी आहे हे मला माहीत होते. ती देण्यास मी त्याला मदत केली आणि सुटका मंडळाला जाणूनबुजून असत्य अभिप्राय दिला.’ तारखेची जागा कोरी सोडली.

“तो दाराबाहेर पडला की दुसऱ्या दिवशी दाखल करा,” त्या म्हणाल्या. “या कबुलीची किंमत किती, हे माझ्या पत्रावरून ठरू दे.”

वकिलाने पत्र दोनदा वाचले. “शेवटची दोन वाक्यं काढा, सरकार. त्यांच्याशिवाय पत्र चालतं.”

“चालत नाही. त्यांच्याशिवाय त्याची कबुली खरी ठरते.”

“तुमच्यावर खटला होईल. आणि तेव्हा तुम्ही सभागृहात बसलेल्या असाल.”

“बसले तर.”

“वकील कोण देणार?”

“तुमचा भाव काय आहे?”

“हरलेल्या खटल्यांचा अनुभव भरपूर,” तो म्हणाला आणि पत्र स्वतःच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावले.

खाली गाडीत बाईंनी धाकट्याला सगळे सांगितले. त्याने मध्येच वायपर फिरवले नाहीत, यावरून त्याला किती लागले ते समजले.

“म्हणजे निवडून आलीस तर महिन्याभरात नाव जाणार, आणि पडलीस तर तसंच जाणार.”

“साधारण असंच.”

“मग मी लोकांना काय सांगू?”

“काचेचं पत्रक वाटू नकोस. आजपासून एकही नाही.”

“का, म्हणून विचारतील.”

“छपाईत चूक झाली म्हण. झालीच आहे.” त्या टेकून बसल्या. “सभांना मी येईन. विचारतील त्याचं उत्तर देईन. पण मत द्या असं म्हणणार नाही.”

“उमेदवार असं करत नसतो, ताई.”

“कुणाच्या ध्यानात यायचं नाही. मागत होते तेव्हा तरी कोण देत होतं?”

तो हसला नाही, पण त्याने खांदे सैल सोडले. पत्रकांचे गठ्ठे मागच्या बैठकीवर होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने मागे हात घालून ते पालथे करून ठेवले.

मंडळाचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते आणि लिफ्ट बंद. पायऱ्या बत्तीस. खिडकीमागच्या कारकून बाईंनी कागद उलगडून पाहिला आणि परत सरकवला.

“चौथा रकाना कोरा आहे, मॅडम. कोरा असला तर आम्हाला घेता येत नाही. पुढच्या बैठकीत जातं, आठ महिन्यांनी.”

“भरते,” बाई म्हणाल्या. “पेन आहे?”

पेन दोरीने खिडकीला बांधलेले होते आणि दोरी आखूड होती. लिहायचे तर वाकावे लागत होते. पहिल्या तीन रकान्यांत प्रकरणाचा क्रमांक, शिक्षा, त्यांचे जुने पद. ते त्यांनी गाडीत भरले होते. चौथा असा: ‘कैद्याने गुन्ह्याची दिलेली कबुली प्रामाणिक आहे असे आपले मत आहे काय? होय / नाही.’ मागच्या दोन्ही कागदांवर त्यांनी ‘नाही’वर खूण केली होती, कारण कबुलीच नव्हती. त्या दोन्ही वेळी त्यांचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते आणि त्याने एक निरपराध माणूस आत राहिला होता.

धाकटा मागे उभा होता. धापा टाकत, भिंतीला टेकून.

बाईंनी ‘होय’वर खूण केली. पेन नीट उमटत नव्हते. पुन्हा गिरवावे लागले, त्यामुळे खूण गरजेपेक्षा ठळक झाली. त्याखाली पाचवा रकाना होता, मताचा आधार. तिथे त्यांनी लिहिले: ‘प्रत्यक्ष भेट. कैद्याचे निवेदन मी स्वतः ऐकले. मृतांपैकी एकाविषयी तो जे बोलला त्याबद्दल मला शंका नाही.’ मग सही केली आणि वेळ घातली: चार वाजून एकेचाळीस मिनिटे.

कारकून बाईंनी शिक्का मारला, पोच फाडून दिली आणि पहिल्यांदाच वर नीट पाहिले.

“तुम्ही त्याच ना? पत्रकावरच्या?”

“हो.”

“आमच्या घरी सगळे तुम्हालाच देणार आहेत,” त्या म्हणाल्या.

बाईंनी त्यांना डाव्या बाजूला घेतले नाही. “अजून अकरा दिवस आहेत,” त्या म्हणाल्या. “विचार करून द्या.” पोचपावती घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवली, आणि एका हाताने कठडा धरून बत्तीस पायऱ्या उतरायला लागल्या. पुढची सभा साडेपाचला होती.